दुरुस्तीनंतर जुन्या जीपगाडीत येणारे आवाज व त्यांचे निदान

शिवारापर्यंत पक्की सडक न पोहोचलेल्या पुष्कळ गावांत जुनी जीपगाडी हे आजही शेतकऱ्याचे उपयुक्त वाहन आहे. १९४७ साली विलीज बनावटीच्या जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपाने मुंबईस येऊ लागल्या व पुढे माझगाव येथे त्यांची जुळणी होऊ लागली. अमेरिकेत १९५३ साली निघालेला सी.जे. ३-बी हा नमुना व त्यावरून केलेल्या गाड्या आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे तयार होत राहिल्या. त्यांपैकी अनेक गाड्या अद्याप चालू आहेत. खताची पोती, भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन, प्रसंगी आजारी माणूस, असा सर्व भार त्या वाहतात.

अशा गाडीची मोठी दुरुस्ती बहुधा मृगापूर्वी केली जाते. क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन किंवा ब्रेक यांचे काम करून गाडी घरी येते आणि दोनचार दिवसांतच पूर्वी नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी 'नवीन भाग आहेत, बसतील हळूहळू' असे म्हणून आवाजाकडे दुर्लक्ष करतो. कोणी घाबरून गाडी पुन्हा कारखान्यात नेतो व एकामागून एक भाग उघडण्यास सांगतो. पहिल्या चुकीने प्राणावर बेतू शकते. दुसरीने पैसा व्यर्थ जाऊन ऐन पेरणीच्या वेळी गाडी अडकून पडते.

बैल लंगडू लागला तर जाणता शेतकरी लगेच खूर तासावयास घेत नाही. तो त्याला चालवून पाहतो, कोणता पाय टेकताना तो कचरतो हे पाहतो आणि मग पायास हात लावतो. जीपगाडीच्या आवाजाबाबतही हीच रीत योग्य होय. आवाज गाडीच्या कोणत्या फिरत्या भागाबरोबर येतो व जातो हे ठरल्याखेरीज पाना हाती घेऊ नये, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

दुरुस्तीनंतर आवाज का येतो?

दुरुस्तीनंतर येणाऱ्या आवाजाची कारणे सामान्यतः चार प्रकारची असतात.

(१) जोडणीतील उणीव. एखादा नट कमी आवळला गेला, शिम कमीअधिक पडली, तेल भरावयाचे राहिले किंवा एखादा भाग उलटा बसला. या प्रकाराचा संशय सर्वांत आधी घ्यावा. ज्या भागास कारागिराचा हात लागला तो भाग, व तेथपर्यंत पोहोचण्यासाठी जे जे सोडावे लागले ते सर्व भाग, प्रथम तपासावेत.

(२) नव्याजुन्याचा विजोड. झिजलेल्या गियरच्या सोबतीस नवा गियर घातला तर दोहोंचे दाते एकमेकांस जुळत नाहीत. क्राऊन व पिनियन हे नेहमी जोडीनेच बदलावे लागतात, ते याच कारणासाठी.

(३) जुनाच आवाज नव्याने ऐकू येणे. सायलेन्सर फुटलेला असेपर्यंत त्याच्या गोंगाटात मागील आसाचा घरघराट दबून गेलेला असतो. सायलेन्सर बदलताच तो उघडा पडतो. हा दोष दुरुस्तीने निर्माण झालेला नसतो. दुरुस्तीमुळे तो कळून आला, इतकेच.

(४) स्वाभाविक आवाज. दुरुस्तीनंतर मालक कान टवकारून गाडी चालवितो आणि नेहमीचेच आवाज त्याला नवे वाटू लागतात.

गाडी ताबडतोब कधी थांबवावी?

काही आवाजांचे निदान घरी जाऊन करावयाचे नसते. ते ऐकताच गाडी कडेस घेऊन उभी करावी.

चाकाजवळून 'खडक खडक' असा आवाज येऊन गाडी डुलू लागली, तर चाकाचे नट सैल झाले आहेत असे समजावे. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात व बोल्टाच्या तोंडावर 'एल' या इंग्रजी अक्षराची खूण असते. हे ठाऊक नसलेला माणूस आवळण्याच्या भरात नट सोडून बसतो. चाक काढून पुन्हा बसविल्यानंतर थोडे अंतर चालून सर्व नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळून घ्यावेत.

ब्रेक दाबताच धातूवर धातू घासल्याचा खरखराट येणे, स्टिअरिंग वळविताना 'ठक्' असा धक्का हातास जाणवणे, पायाखालील पत्र्यावर प्रोपेलर शाफ्ट आपटल्यासारखा मोठा आवाज होणे, इंजिनातून भाराबरोबर वाढणारी जड ठोक ऐकू येणे, अथवा तेलाच्या दाबाचा काटा खाली येणे, अशा प्रसंगीही गाडी पुढे नेऊ नये. सायलेन्सरच्या नळीच्या जोडातून 'फट् फट्' असा आवाज येऊन गाडीत धूर शिरत असेल तर ताडपत्रीचे पडदे बंद करून कदापि बसू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नसतो, आणि माणसाला कळण्यापूर्वीच तो त्यास बेशुद्ध करू शकतो.

निदानाची रीत

वरील धोक्याचे आवाज नाहीत अशी खात्री झाल्यावर मोकळ्या, सपाट व रहदारी नसलेल्या जागी पुढील चाचण्या क्रमाने कराव्यात. शक्य तर एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने शेजारी बसून ऐकावे.

पहिली चाचणी : गाडी उभी, गियर न्यूट्रलमध्ये. इंजिनाची गती हळूहळू वाढवावी व कमी करावी. आवाज येत असेल तर तो इंजिन, त्याचा पंखा, पट्टा, डायनॅमो, पाण्याचा पंप, क्लच किंवा गिअरबॉक्सचा पुढील भाग यांपैकी कशाचा तरी आहे. आवाज मुळीच येत नसेल तर या भागांवरील संशय बराच कमी होतो.

दुसरी चाचणी : क्लचची. इंजिन चालू ठेवून व गाडी उभी ठेवून क्लचचे पेडल हळूहळू दाबावे. पेडल वर असताना येणारा आवाज पेडल दाबताच नाहीसा झाला तर गिअरबॉक्सचे पुढील बेअरिंग किंवा आतील दुय्यम शाफ्टचे गियर संशयास्पद ठरतात. पेडलवर थोडा भार देताच आवाज सुरू झाला तर दोष बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगमध्ये असतो. पेडल पूर्ण दाबून गियर घातला असतानाच आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेली बुश तपासावी.

तिसरी चाचणी : एकच वेग, निरनिराळे गियर. गाडी ताशी २० ते २५ किलोमीटर वेगाने प्रथम दुसऱ्या गियरमध्ये व नंतर तेवढ्याच वेगाने तिसऱ्या गियरमध्ये चालवावी. दोन्ही वेळी चाके व प्रोपेलर शाफ्ट यांची गती सारखीच राहते, पण इंजिनाची गती बदलते. आवाजाचा सूर बदलला तर तो इंजिनाच्या बाजूचा, आणि तसाच राहिला तर ट्रान्स्फर केसच्या पलीकडील, म्हणजे शाफ्ट, आस अथवा चाकांचा, असे धरावे.

चौथी चाचणी : जोर देणे व सोडणे. त्याच वेगात ॲक्सिलरेटर थोडा दाबावा, मग सोडावा, आणि शेवटी गियर न्यूट्रलमध्ये घेऊन गाडी आपल्या गतीने जाऊ द्यावी. किल्ली मात्र बंद करू नये. जोर देताना वाढणारा व सोडताना बदलणारा सूर क्राऊन-पिनियनचा असतो, कारण जोर दिला असता दात्यांची एक बाजू व सोडला असता दुसरी बाजू काम करते. तिन्ही स्थितींत आवाज सारखाच राहिला तर चाकाचे बेअरिंग, ब्रेक किंवा टायर यांचा विचार करावा.

पाचवी चाचणी : वळण. मोकळ्या मैदानात बेताच्या वेगाने गाडी एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे वळवावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बाजूचे. डांबरी सडकेवरून मातीच्या वाटेवर येताच आवाज नाहीसा होत असेल तर तो जाड नक्षीच्या टायरांचा होय. त्यासाठी काहीही उघडण्याचे कारण नाही.

फेरे मोजून आवाज ओळखणे

ठोके पडल्यासारखा आवाज असेल तर तो कशाचा आहे हे मोजूनही ठरविता येते. ६.०० × १६ या मापाच्या टायरचा एक फेरा झाला म्हणजे गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी ८ किलोमीटर वेगाने गाडी मिनिटास सुमारे १३३ मीटर जाते. म्हणजेच चाक मिनिटास ६० फेरे, सेकंदाला एक फेरा करते. सी.जे. ३-बी नमुन्याच्या गाडीत क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दाते असतात. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यास प्रोपेलर शाफ्टचे जवळजवळ ५.४ फेरे होतात.

यावरून असे दिसते की, ताशी ८ किलोमीटर वेगाने जाताना सेकंदास एक ठोका पडत असेल तर दोष चाक, हब, ब्रेकचा ड्रम अथवा टायर यांत आहे. सेकंदास पाच ते सहा ठोके पडत असतील तर तो प्रोपेलर शाफ्ट, त्याचा क्रॉस किंवा पिनियन यांत आहे. पाच-सहा ठोके मोजणे कठीण असले तरी सावकाश ठोका व भरभर पडणारा ठोका यांतील फरक कोणासही कळतो. चाकावर खडूची एक रेघ ओढून बाहेरच्या माणसाने ती वर येताच हात दाखविला व आतल्याने ठोका त्याच क्षणी पडतो की काय हे पाहिले, तर शंकेस जागा राहत नाही.

उभ्या गाडीची तपासणी व एक सावधगिरी

चाचण्यांनी संशयित भाग ठरला म्हणजे गाडीखाली जाऊन पाहावयाचे. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जुन्या विलीज नमुन्याच्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. मागील एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटे फिरून जमिनीवरील दुसरे चाक मोकळे होऊ शकते व हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. मागील प्रोपेलर शाफ्ट काढल्यावर तर हातब्रेकाचा काहीच उपयोग राहत नाही. म्हणून जमिनीवरील चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावल्याखेरीज व आसाखाली भक्कम घोडी ठेवल्याखेरीज कोणीही गाडीखाली जाऊ नये. केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये.

चालू इंजिनावरील आवाज शोधण्यासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक संशयित भागावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरावी. बेअरिंगचा खरखराट त्यातून स्पष्ट ऐकू येतो. नळीतून वायू किंवा वारा गळत असल्यास रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडांवरून फिरवावे. पंखा व पट्टा यांपासून धोतर, साडीचा पदर, उपरणे व हात दूर ठेवावेत.

कोणत्या दुरुस्तीनंतर काय पाहावे?

क्लच व गिअरबॉक्स. पेडलला मोकळी हालचाल आहे की नाही हे प्रथम पाहावे. विलीज नमुन्यात ती साधारण एक इंच असते. ती नसेल तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून लवकर वाजू लागते. गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांतील तेलाची पातळी स्वतः पाहावी. दुरुस्तीनंतर तेल भरावयाचे राहिले असे क्वचित होते, पण झाल्यास थोड्याच अंतरात सर्व गियर निकामी होतात. पितळी सिंक्रो रिंगा असलेल्या गिअरबॉक्समध्ये जी.एल. ४ प्रतीचे तेल वापरावे. मागील व पुढील आसांतील क्राऊन-पिनियन हायपॉइड पद्धतीचे असल्याने त्यांस जी.एल. ५ प्रतीचे तेल लागते. तेलाची अदलाबदल झाली तर एकीकडे रिंगा खराब होतात व दुसरीकडे दाते खरवडून आवाज येऊ लागतो.

प्रोपेलर शाफ्ट. क्रॉस बदलल्यानंतर येणाऱ्या आवाजाची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले असे की, कप बसविताना एखादी सुईसारखी बारीक रोलर आडवी पडते. त्यामुळे क्रॉस पूर्ण बसत नाही, हाताने फिरविला असता अडखळतो व चालताना ठोका देतो. दुसरे असे की, सरकत्या जोडाचे दोन भाग वेगळे केल्यावर पुन्हा जोडताना शाफ्टच्या दोन टोकांचे फाटे एका रेषेत येत नाहीत. शाफ्टवर व जोडावर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. त्या चुकल्या तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यास दोन हिसके बसतात व ठराविक वेगास पायाखालील पत्रा थरथरू लागतो. शाफ्ट सोडण्यापूर्वी खडूने किंवा रंगाने खूण करून ठेवल्यास ही चूक टळते.

क्राऊन-पिनियन. नवी जोडी बसविल्यावर जोर देताना एकसारखा लांब सूर येत असेल तर शिमा बरोबर पडलेल्या नाहीत असा संशय घ्यावा. जोडणीच्या वेळी काही दात्यांना रंग लावून क्राऊन फिरविल्यास ठसा दात्याच्या मध्यभागी उमटावयास पाहिजे. तो टोकाकडे किंवा बुडाकडे सरकला असेल तर जोडी टिकत नाही. मालकाने हा ठसा जोडणीच्या वेळीच पाहण्याचा आग्रह धरावा.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या बाजारातून मागचा किंवा पुढचा आस आणून बसविला असेल तर दोन्ही आसांचे दात्यांचे प्रमाण एकच आहे काय, हे अवश्य पडताळावे. काही आसांत ४३ व ८, तर काहींत ३९ व ८ असे दाते असतात. ही दोन प्रमाणे एका गाडीत आली तर चारही चाकांना जोर देताच आस एकमेकांशी झगडू लागतात, कडकड आवाज होतो व ट्रान्स्फर केसचे गियर तुटतात. पडताळा सोपा आहे. ठोकळे लावून आसाचे एक चाक उचलावे, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये घेऊन पुढील आसाची जोडणी सोडावी व हातब्रेक मोकळा करावा. पुढील आस पाहताना, मोकळे होणारे हब असतील तर ते लावलेले असावेत. मग उचललेले चाक दोन पूर्ण फेरे फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत. ४३ व ८ दाते असल्यास शाफ्टचे सुमारे ५.४, व ३९ व ८ असल्यास सुमारे ४.९ फेरे भरतात. आकडा कोणताही असो, पुढे व मागे तो एकच असला पाहिजे.

हब व ब्रेक. पुढील चाकांची निमुळत्या रोलरची बेअरिंगे, चाक जड होईपर्यंत नट आवळून मग तो सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घेऊन जुळवितात. त्याहून सैल राहिल्यास चाक हलते व खडखडते, आणि घट्ट राहिल्यास हब तापून बेअरिंग जळते. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर चारही हबांना पाण्याचे काही थेंब लावून पाहावेत. एकाच हबावर थेंब चर्र करून उडाले तर तेथे बेअरिंग किंवा ब्रेक आवळलेला आहे.

ज्या जीपगाड्यांत मागील आसाच्या शाफ्टचे टोक निमुळते असून हब त्यावर चावीने बसविलेला असतो, त्यांत सर्वांत जास्त दक्षता घ्यावी. ब्रेकच्या कामासाठी हब ओढून काढल्यावर तो पुन्हा बसविताना शाफ्टचा नट सुमारे १५० फूट-पौंड जोराने आवळावा लागतो. पिनचे छिद्र जुळत नाही म्हणून नट मागे फिरवू नये. पुढेच आवळून छिद्र जुळवावे. नट सैल राहिला तर गाडी पुढे निघताना एक व मागे घेताना एक असा 'टक्' आवाज येतो. हा आवाज लहान असतो, म्हणून पुष्कळ लोक तो सोडून देतात. प्रत्यक्षात त्या वेळी हब शाफ्टवर हलत असतो व चावीची खाच झिजत असते. पुढे भारासह घाट उतरताना शाफ्टचे टोक तुटले तर चाक ड्रमसह निखळते, त्या चाकाचा ब्रेक जातो, आणि हातब्रेक शाफ्टवर असल्याने तोही गाडी धरीत नाही. शाफ्टच्या टोकावरून हबवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली की हब फिरला, असे समजून गाडी त्याच क्षणी थांबवावी.

कमानपाटे. पाटे बदलल्यानंतर यू-बोल्ट भार घेऊन काही अंतर चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात. ते सैल असतील तर ब्रेक लावताच किंवा गाडी निघताच आसाकडून 'धप्' असा आवाज येतो. पाट्यांच्या मधला बोल्ट त्यामुळे तुटतो व आस जागेवरून सरकतो. केवळ कुरकुर येत असेल तर शॅकलच्या निपलांना ग्रीस मिळाले नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो.

इंजिन. डोके उघडून बसविल्यानंतर येणारी बारीक टकटक बहुधा टॅपेटच्या फटीची असते. फट पुस्तिकेत दिलेल्या मापाने व सांगितलेल्या थंड किंवा गरम स्थितीतच जुळवावी. शिवाय सायलेन्सरची नळी चौकटीस लागत नाही ना, पंखा रेडिएटरच्या कवचास घासत नाही ना, व इंजिनाखालील रबरे बसलेली आहेत ना, हेही पाहावे. लागलेल्या नळीचा आवाज गाडीभर घुमतो व पुष्कळदा गिअरबॉक्सचा वाटतो.

स्वाभाविक आवाज

काही आवाज हे दोष नसतात. ट्रान्स्फर केस लोमध्ये असताना, तसेच मागचा गियर घातला असताना, गियरांचा सूर वाढतो. सरळ दात्यांचा गियर असा वाजतोच. या गाड्यांत पुढील व मागील आसांच्या मध्ये तिसरा डिफरन्शियल नसतो. म्हणून चारही चाकांना जोर देऊन कठीण सडकेवर वळले असता टायर घासतात, गाडी अडखळते व ट्रान्स्फरचा दांडा निघत नाही. हा चालविण्याचा दोष आहे. चिखल, वाळू किंवा ओला चढ संपताच पुढील चाकांची जोडणी सोडून द्यावी. भातखाचरातून अथवा ओढ्यातून गाडी नेल्यानंतर मात्र आसांतील तेल पाहावे. ते दुधी दिसले तर आत पाणी शिरले आहे व बेअरिंगे वाजू लागण्यापूर्वीच तेल बदलावयास हवे.

एक उदाहरण

समजा, एखाद्या जीपगाडीच्या मागील प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. दुसऱ्या दिवशी ताशी ४० किलोमीटरच्या पुढे घरघर व पायाखाली थरथर सुरू झाली. आवाज मागून येतो म्हणून क्राऊन गेला असे कोणासही वाटेल. पण क्रमाने पाहता काय आढळते? उभ्या गाडीत इंजिनाची गती वाढवूनही आवाज येत नाही, म्हणजे इंजिन व क्लच सुटले. दुसऱ्या व तिसऱ्या गियरमध्ये एकाच वेगास थरथर सारखीच आहे, म्हणजे गिअरबॉक्सही सुटला. जोर देताना व सोडताना सूर फारसा बदलत नाही, म्हणजे क्राऊन-पिनियनवरील संशय कमी झाला. वळणाने फरक पडत नाही, म्हणजे चाकांची बेअरिंगेही नव्हेत. राहिला शाफ्ट, आणि कारागिराचा हात लागला होता तो त्यालाच. खाली जाऊन पाहता बाणांच्या खुणा एकमेकींसमोर नाहीत. शाफ्ट उतरवून खुणा जुळविल्या व ग्रीस भरले की काम झाले. हीच गाडी क्राऊन उघडण्यासाठी दिली असती तर चार दिवस व मोठी रक्कम जाऊनही थरथर कायम राहिली असती.

कारागिराशी बोलताना

'गाडी वाजते' एवढेच सांगितल्याने कारागिरास काही कळत नाही. आवाज कोणत्या वेगास येतो, कोणत्या गियरमध्ये येतो, जोर देताना की सोडताना, थंड गाडीत की तापल्यावर, रिकाम्या की भरलेल्या, आणि कोणत्या दुरुस्तीनंतर किती दिवसांनी सुरू झाला, या सहा गोष्टी एका वहीत लिहून न्याव्यात. मोबाईल फोनवर आवाज मुद्रित करून नेल्यास अधिकच सोयीचे होते. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत. झीज कोणत्या बाजूस झाली आहे हे पाहिल्यावर पुष्कळदा खरे कारण कळते.

एका वेळी एकच फेरफार करावा व गाडी चालवून पाहावी. तीन भाग एकदम बदलले आणि आवाज थांबला तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, व तो पुन्हा उद्भवल्यास खर्चही तिप्पट होतो. अधिक घट्ट वंगण भरून आवाज दाबण्याचा उपाय कोणी सुचविल्यास तो मान्य करू नये. त्याने आवाज तेवढा जातो, झीज तशीच चालू राहते. जुनी गाडी विकत घेणारानेही हे ध्यानात ठेवून आसाच्या व गिअरबॉक्सच्या तेलाची परीक्षा अगोदर करावी.

जुन्या गाडीस धोक्याची सूचना देणारी आधुनिक साधने नसतात. तिचा आवाज हीच तिची सूचना होय. ती वेळीच ऐकून, तिचा माग क्रमाने घेऊन, योग्य तेवढाच भाग उघडणारा शेतकरी आपला पैसा वाचवितोच, शिवाय माल भरून घाट उतरताना आपल्या व गाडीत बसलेल्यांच्या जिवाचीही काळजी घेतो. शेतकरी बंधूंनी येत्या मोसमापूर्वी दुरुस्तीहून आलेल्या गाडीची या रीतीने एकदा परीक्षा अवश्य करावी.